बाईंनी दुरुस्त केलेलं

त्या वर्षी टोमॅटोंनी आम्हाला वेड लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. एरवी रान एका कडेने पिकत येतं, माणसाला दम खाऊ देतं. पण ऊन असं काही पेटलं की सगळं रान एकदमच लाल झालं. मालक बांधावर उभा राहून बोंबलायचा, "आज नाही तोडलं तर उद्या नुसता लगदा उचलायचाय!" जसं काही ऊन आम्हीच बोलावून आणलं होतं.

आम्ही घरची चार माणसं. माझा भाऊ, वहिनी, त्यांची भिंगरी आणि मी, भिंगरीची आत्या. सासरी माझं पटलं नाही म्हणून मी भावाकडे परत आले, आणि त्यावर कुणी जास्त खोदून विचारलं की मी म्हणते, माझा डबा तुमच्या घरून येतो का? मग गप्प बसतात. राहायला मळ्याच्या कडेला पत्र्याची खोली, तीही मालकाची. काम आहे तोवर खोली आहे, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

उजाडायच्या आत आम्ही रानात. दादा गाडीवर माल चढवायला, वहिनी आणि मी तोडायला. टोमॅटोच्या झाडाचा चीक असा बेरकी की हात मनगटापर्यंत काळे-हिरवे होतात, साबण लावला तर पिवळा फेस येतो आणि हात तसेच. कच्चा टोमॅटो फोडून चोळला तर कुठे थोडं निघतं. कंबर वाकून वाकून लाकडासारखी व्हायची. वहिनी सरळ उभी राहायला लागली की तोंडातून आपोआप "आई गं" निघायचं आणि मी म्हणायचे, "तुझी आई काय येतेय इथे क्रेट उचलायला!" तेवढंच हसणं.

तोडलेला माल जायचा काट्याच्या शेडमध्ये. तिथे जमिनीवर ठेवलेला मोठा लोखंडी काटा, एका वेळी चार-पाच क्रेट बसतील असा. काट्यावर बसायचा मालकाचा मेहुणा. त्याला सगळे काटेवालाच म्हणायचे. माणूस हसतमुख, काय सांगू! बायाबापड्यांना ताई, अक्का केल्याशिवाय बोलायचा नाही. कुणाचं दुखलं-खुपलं तर गोळी आणून द्यायचा. पोरं रिकामे क्रेट न्यायला आली की एकेकाला उचलून काट्यावर उभं करायचा. "बघू बघू, आमच्या राणीसाहेबांचं वजन वाढलं का!" पोरं खिदळायची, आम्ही लांबून बघायचो आणि म्हणायचो, चला, पोरांचं कौतुक करणारं कुणीतरी आहे इथे.

भिंगरी चौथीत. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि शेडमधून रिकामे क्रेट ओढत आमच्या सरीपर्यंत आणायचे, हे तिचं काम. नाव उगीच पडलं नव्हतं तिचं. पोर एका जागी उभी राहील तर शपथ. क्रेट आणतानासुद्धा स्वतःभोवती गिरक्या घेत यायची.

त्याच दिवसांत शाळेत एक नवीन प्रकरण सुरू झालं. शहरातल्या कुठल्याशा संस्थेने पोरांना स्वतःचं रक्षण शिकवायचं ठरवलं होतं. चित्रांचे तक्ते आले, एक कापडाची बाहुली आली. भिंगरी घरी येऊन आम्हालाच धडे द्यायची. "आत्या, आपलं अंग आपलं असतं. कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं? नको म्हणायचं, पळायचं आणि सांगायचं." मी म्हटलं, "बरं बाई गुरुजी." पण खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. आमच्या वेळी असं कुणी चार शब्द सांगितले असते, तर किती तरी बायांच्या मनातले काटे निघाले असते.

शिकवणाऱ्या बाई वयाने लहान होत्या, नोकरीत अजून कायम झालेल्या नव्हत्या. जीव तोडून शिकवायच्या. पण मग शाळेत निरोप आला की संस्थेची माणसं तपासायला येणार आहेत, पोरांना कितपत कळलंय ते बघणार, आणि सगळ्या शाळांची तुलना करणार. झालं! मोठे सर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, एकदम अंगात आल्यासारखे फिरायला लागले. आपली शाळा पहिली आली पाहिजे. प्रत्येक पोराने उभं राहून मोठ्या आवाजात 'सांगून' दाखवलं पाहिजे. म्हणजे काय, तर समजा तुमच्या बाबतीत असं घडलं, तर मोठ्या माणसाला कसं सांगाल, ते बोलून दाखवायचं. प्रत्येकाने आपल्या मनाने प्रसंग रचायचा, बाईंना सांगायचा, बाई तो नीट करून देणार आणि मग सराव.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की आमची भिंगरी फिरायची थांबली.

एका दुपारी शाळेतून आली ती खोलीतच बसून राहिली. आम्ही सरीत रिकाम्या क्रेटची वाट बघतोय, टोमॅटो घमेल्यात साठलेत, मालकाच्या हाका चालूच. वहिनीचं डोकं सटकलं. तरातरा गेली खोलीकडे. मी मागोमाग.

"क्रेट कोण आणणार? तुझा बाप?"

"मी नाही जाणार शेडमध्ये."

"का? पाय मोडले?"

"मी सांगितलंय."

"काय सांगितलंय? कुणाला?"

"बाईंना. शाळेत."

"मग बाई येणारेत का क्रेट आणायला?" वहिनीने हात उगारला. मी मध्ये पडले. म्हटलं, "राहू दे, दमली असेल. मी आणते." भिंगरी माझ्याकडे बघत होती. काहीतरी विचारल्यासारखं बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "बाईंना सांगितलं की मग पुढचं बाई करतात ना?"

मला वाटलं शाळेतल्या कसल्यातरी कामाचं बोलतेय. म्हटलं, "हो गं, त्यासाठीच तर बाई असतात."

"बाई म्हणाल्या, छान. खूप छान सांगितलंस."

"मग झालं तर!" मी म्हटलं आणि क्रेट आणायला गेले. काटेवाल्याने मला बघून विचारलं, "आज आमची राणी नाही आली?" मी म्हटलं, "लाडावलीय." तो हसला. मीही हसले. आता ते हसणं आठवलं की जीभ उपटून टाकावीशी वाटते.

त्यानंतर रोजचं सुरू झालं. भिंगरी शेडकडे जाईना, वहिनी तिला बोल लावी, आणि शाळेतून मात्र कौतुकावर कौतुक. मोठे सर वाटेत भेटले तर दादाला थांबवून म्हणाले, "तुमची मुलगी म्हणजे हिरा आहे हो. असं सांगते, असं सांगते की अंगावर काटा येतो! पाहुण्यांसमोर तिलाच उभी करणार आहोत." दादा भोळा. त्या दिवशी त्याने पोरीसाठी शहराकडून येणाऱ्या गाडीवाल्याकरवी केसांच्या पिना मागवल्या. संध्याकाळी म्हणाला, "म्हणून दाखव की आम्हाला."

"ते शाळेतलं आहे," भिंगरी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तपासणीच्या दिवशी पालकांना बोलावणं होतं. मालक म्हणाला, एका घरातून एकच माणूस सोडीन. वहिनी रीतसर गेली. मी पोट धरून बसले, मुरडा आलाय म्हटलं, आणि पाठोपाठ सटकले. भाचीचं कौतुक बघायचं सोडून कुणाचे टोमॅटो तोडू मी!

वर्गातली बाकं भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली होती. आम्ही आयाबाया मागे सतरंजीवर. हातांचे काळे पंजे मांड्यांखाली लपवून बसलो होतो, कारण पुढे खुर्च्यांवर पाहुणे होते. एक मॅडम, चष्म्याच्या, नीटनेटक्या, आणि बरोबर एक तरुण, मांडीवर टॅब घेऊन. मोठे सर त्यांच्यासाठी स्वतः पाण्याचे पेले पुसत होते. आम्हाला काही पाणी कुणी विचारलं नाही, ते सोडा.

आधी चित्रं दाखवली. हा हात लावणं चांगलं की वाईट? पोरं एका सुरात ओरडायची, "वाईऽऽट!" तरुण बोटाने टॅबवर टकटक करायचा. मग दोन-तीन पोरांनी येऊन सांगून दाखवलं. एकाने वाघच आणला गोष्टीत, सगळे हसले. मग मोठे सर उठले आणि लग्नातल्या मामासारखे मिरवत म्हणाले, "आता आमची सर्वांत हुशार विद्यार्थिनी."

भिंगरी पुढे आली. वेण्या घट्ट, नव्या पिना. हात जोडले, समोरच्या भिंतीवरच्या एका जागेवर नजर लावली आणि सुरू झाली.

"नमस्कार. मी चौथीत शिकते. एकदा मी रस्त्याने एकटी चालले होते. तेव्हा एक अनोळखी माणूस आला. तो म्हणाला, बघू, तुझं वजन वाढलं का. मी वर उभी राहिले. मग त्याने मला नको तिथे हात लावला. मी नको म्हणाले. तो म्हणाला, कुणाला सांगितलंस तर तुम्हाला खोलीतून बाहेर काढतील. मी उडी मारून पळाले. मी माझ्या विश्वासातल्या मोठ्या व्यक्तीला सांगितलं. सांगितल्यावर मला खूप बरं वाटलं. धन्यवाद."

एवढ्या टाळ्या पडल्या की खिडकीतली चिमणी उडाली. चष्म्याच्या मॅडम पुढे वाकून म्हणाल्या, "इतकं स्पष्ट आम्ही एकाही शाळेत ऐकलं नाही. उत्कृष्ट!" आणि तो तरुण टॅबवर टकटक, टकटक.

मी टाळी वाजवायला वर केलेले हात तसेच राहिले. वहिनी माझ्याकडे बघून हसत होती, डोळ्यांत पाणी, कौतुकाचं. माझ्या डोक्यात मात्र एकच चक्र सुरू झालं. रस्त्यावरचा अनोळखी माणूस. वजन बघू म्हणाला. वर उभी राहिले. वर म्हणजे कुठे वर? रस्त्यावर काटा कुठून आला? आणि अनोळखी माणसाला आमची खोली काय माहीत?

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

मी उठून उभी राहिले. "भिंगरे, इकडे ये."

मोठे सर तोंडभर हसून म्हणाले, "अहो बसा बसा, कार्यक्रम चालू आहे."

"रस्त्यावर काटा कुठून आला, सर?"

"काय?"

"ती म्हणाली वर उभी राहिले. रस्त्यावर कशावर उभी राहिली?"

"मुलांची कल्पनाशक्ती असते हो," सर पाहुण्यांकडे वळून म्हणाले. पाहुणे हसले.

भिंगरी तोवर माझ्यापाशी आली होती. मी गुडघ्यावर बसले. हळू विचारलं, "भिंगरे, हे कुठे झालं गं?"

तिने आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात विचारलं, "आत्या, कुठलं सांगू? बाईंनी दुरुस्त केलेलं, की आधीचं?"

वहिनीचं हसू तोंडावर तसंच होतं, ते उतरायला वेळ लागला.

मी पोरीला तिथे, त्या खुर्च्यांसमोर, एक अक्षर बोलू दिलं नाही. तिला आणि वहिनीला घेऊन व्हरांड्यात गेले. तिथे पाण्याच्या माठाआड भिंगरीने आधीचं सांगितलं. काय सांगितलं ते मी इथे सांगणार नाही. ते तिचं आहे. रस्ता नव्हता, शेड होती. अनोळखी नव्हता, काट्यावरचा काका होता. एकदा नव्हतं, पुष्कळदा होतं. आणि वर्गात पहिल्यांदा 'सांगा' म्हटल्यावर तिने बाईंना अगदी हेच, असंच सांगितलं होतं. बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिची पाठ थोपटली. मग म्हणाल्या, शेड नको, रस्ता म्हण. काका नको, अनोळखी म्हण, नाहीतर पाहुण्यांना वाटेल खरंच आहे. आणि शेवटी 'मला बरं वाटलं' हे जोड.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. "मी मारायला धावले गं हिला," एवढंच म्हणत राहिली.

मी परत वर्गात शिरले. पोरांना बाहेर काढलं होतं. बाई कोपऱ्यात पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"बाई, पोरीने तुम्हाला सांगितलं होतं."

"मला वाटलं तिने रचलं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी रचलं होतं. तिचं इतकं चांगलं होतं... मला वाटलं, किती छान रचलंय."

"रोज उभी करून रोज म्हणायला लावलंत तुम्ही तिला! रोज! आणि वर टाळ्या!"

मोठे सर मध्ये आले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, तुम्ही आत्ता चिडल्या आहात. आजचा दिवस जाऊ द्या. पाहुणे गेले की आपण चौघं शांतपणे बसू. उगाच पोरीच्या नावाचा बभ्रा नको. तुमच्याच घराची अब्रू आहे."

"आमची अब्रू आमच्यापाशी जागेवर आहे, सर. हात त्याने लावलाय."

मग मी चष्म्याच्या मॅडमकडे वळले. म्हटलं, ही तर कळती, शहरातली बाई, हिच्याच संस्थेने तर हे शिकवायला सांगितलं. ती उठून उभी राहिली होती, पण पर्स छातीशी धरून. म्हणाली, "आम्हाला खरंच फार वाईट वाटतंय. पण आम्ही फक्त मूल्यमापनासाठी आलोय. मध्ये हस्तक्षेप केला तर सगळे निष्कर्ष बिघडतात. आम्ही अहवालात याची नोंद नक्की घेऊ."

"काय बिघडतं?"

"निष्कर्ष. म्हणजे... कार्यक्रमाचा मुलांवर काय परिणाम झाला, ते."

"परिणाम तिकडे माठाआड उभाय, मॅडम! तुम्ही म्हणालात नको म्हण, ती नको म्हणाली. तुम्ही म्हणालात पळ, ती पळाली. तुम्ही म्हणालात सांग, तिने सांगितलं, दहा वेळा सांगितलं, आत्ता तुमच्या तोंडावर सांगितलं, आणि तुम्ही उत्कृष्ट म्हणालात! पोरांना सांगायला शिकवलंत. मोठ्यांना ऐकायला कोण शिकवणार? त्याची परीक्षा कधी घेताय?"

मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, कान असे वाजत होते. टॅबवाला तरुण खाली मान घालून बसला होता. मी आणखी बोलले असते, पण बोलून काय पदरात पडणार होतं? बाहेर त्यांची गाडी उभी होती. मी व्हरांड्यात गेले, भिंगरीचा हात धरला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि तिला आत बसवलं. वहिनीला बसवलं. मी बसले. ड्रायव्हर म्हातारा होता, तो आरशातून बघायला लागला.

"पोलीस चौकीवर घ्या," मी म्हटलं.

"मॅडमना विचारायला लागेल."

"मग विचारा. आम्ही उतरणार नाही."

मॅडम पायरीवर उभ्या होत्या. मोठे सर त्यांच्या कानाशी लागले होते. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी पर्स खांद्याला अडकवली आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या. गाडी सुरू होतेय तोच बाई धावत आल्या. मोठे सर मागून ओरडत होते, "नोकरीचा विचार करा, बाई! अजून कायम नाही झालात!" बाई आमच्या शेजारी अंग चोरून बसल्या आणि दार लावलं.

वाट काट्याच्या शेडवरूनच जाते. दादा ट्रकवर माल चढवत होता. वहिनीने गाडी थांबवली, खाली उतरली आणि त्याच्या कानात सांगितलं. दादा खांद्यावरच्या क्रेटसकट उभा राहिला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चेहऱ्यावर काहीच नाही.

"आत्ता?" तो म्हणाला. "आख्खा हंगाम... खोलीसुद्धा त्यांचीच. संध्याकाळी बसून विचार करू."

"विचार कर," वहिनी म्हणाली. "मी निघाले."

तेवढ्यात काटेवाला शेडच्या तोंडाशी आला. हात पुसत, नेहमीसारखा हसत. "काय ताई, आज गाडीतून स्वारी? आणि आमची राणी कुठे लपलीय?"

भिंगरी सीटवरून घसरली आणि आमच्या पायांत, दोन सीटच्या मधल्या जागेत, डोक्यावर हात घेऊन बसली. दादाने ते काचेतून बघितलं. त्याने क्रेट खांद्यावरून उतरवला नाही, सोडूनच दिला. टोमॅटो चहूकडे घरंगळले. तो काटेवाल्याच्या अंगावर धावला, तेव्हा मी गाडीतून उतरून त्याच्या कमरेला मिठी मारून मागे ओढलं. "आधी पोर! नंतर तो! तू तुरुंगात गेलास तर पोरीकडे कोण बघणार?" कसाबसा त्याला गाडीत कोंबला. काटेवाला मागे ओरडत होता, "अरे झालं काय? मी काय केलं?" आवाज अगदी प्रामाणिक, ऐकणाऱ्याला कीव यावी असा.

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि एक पंखा. साहेब जेवून नुकतेच बसले होते. त्यांनी आमच्या हातांकडे बघितलं, मग मॅडमच्या चष्म्याकडे, आणि खुर्ची मॅडमना दिली. मी सांगायला लागले तर म्हणाले, "तुम्ही नाही. मुलीला सांगू द्या."

भिंगरी पुढे झाली. तिने टाचा जुळवल्या, हात जोडले आणि साहेबांच्या डोक्यावरच्या भिंतीवर नजर लावली.

"नमस्कार. मी चौथीत शिकते. एकदा मी..." ती थांबली. मागे वळून बाईंना विचारलं, "रस्ता नाही ना म्हणायचं?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पुढे बोल, बाळ."

ती बोलली. सगळं खरं बोलली. शेड म्हणाली, काका म्हणाली. पण तोच चढा सूर, तेच हातवारे, जिथे बाईंनी थांबायला शिकवलं होतं तिथेच थांबणं. आणि शेवटी, देवा, शेवटी म्हणाली, "सांगितल्यावर मला खूप बरं वाटलं. धन्यवाद."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "किती दिवस पाठ करून घेत होता?"

"साहेब, पाठ नाही..."

"अहो, इतकी वर्षं काय गवत उपटतोय मी इथे? पोरीला पढवून आणलंय, हे आंधळ्यालाही कळेल. काय, मालकाशी काही वाद आहे? कामावरून? खोलीवरून?" मग दादाकडे बघून, "दुसऱ्याला अडकवायला स्वतःच्या लेकीचा असा वापर करता? लाज नाही वाटत?"

दादाने मान खाली घातली. आयुष्यभर कुणी आवाज चढवला की तो मान खाली घालत आलाय. मला रडू फुटलं ते दुःखाने नाही, संतापाने. पोरीच्या तोंडातलं खरं या लोकांनी इतकं घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं की ते आता खोट्यासारखं वाजत होतं. ज्याने हात लावला त्याने तिला गप्प राहा म्हटलं होतं. ती गप्प राहिली नाही. आणि ज्यांनी तिला बोलायला शिकवलं, त्यांनी तिच्या बोलण्याची किंमतच घालवून टाकली.

"सराव आमच्या कार्यक्रमाचा भाग होता," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज डळमळला. "पण याचा अर्थ असा नाही..."

"म्हणजे पढवलंच," साहेब म्हणाले.

तेव्हा बाई पुढे आल्या. टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. "मी पढवलं साहेब. सूर माझा आहे, हातवारे माझे आहेत, शेवटचं वाक्य माझं आहे. रस्ता आणि अनोळखी माणूससुद्धा मीच घातला. पण पहिल्या दिवशी तिने जे सांगितलं, ते मी शिकवलेलं नव्हतं. तसं मी लिहून देते. नोकरी गेली तरी लिहून देते."

साहेबांनी पेन उचललं. "ठीक आहे. पहिल्या दिवशी काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांगा. तुमच्या नको."

बाईंनी तोंड उघडलं. "ती म्हणाली... एकदा मी..." थांबल्या. पुन्हा सुरुवात केली. "ती उभी राहिली आणि म्हणाली..." डोळे मिटले, कपाळावर हात दाबला. पंखा कर्रकर्र फिरत होता. मी मनात म्हणत होते, आठव गं बये, आठव. बाईंच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

"मला दुरुस्त केलेलंच आठवतंय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"बाई, तुम्ही विसरलात?" भिंगरी म्हणाली. रागाने नाही. वर्गात कुणाला उत्तर आलं नाही की शेजारचं पोर कुजबुजतं, तशी. "थांबा. मी सांगते."

ती मागे आली, माझ्या मांडीवर चढून बसली आणि माझा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. हात जोडले नाहीत, भिंतीकडे बघितलं नाही. खाली, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बोलायला लागली. मध्येच थांबली. परत बोलली. एक शब्द तिला काही केल्या बोलवेना, तेव्हा तिने माझं बोट इतकं घट्ट पिरगळलं की मी ओठ चावला. पण मध्ये कुणी बोललो नाही, मीसुद्धा नाही. आवाज एवढा बारीक झाला होता की पंख्याच्या आवाजात काही कळेना. साहेबांनी हवालदाराला पंखा बंद करायला लावला.

तरी ऐकू येईना. तेव्हा साहेब खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे आले, तिच्यासमोर वाकून बसले आणि म्हणाले, "सांग. मी लिहितोय. तू म्हणशील तसंच लिहितो."